एचआयव्ही चाचणी : अहवालानंतरचे पाऊल निर्णायक

भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ साली चेन्नईत आढळला. त्या काळी या चाचणीचा अहवाल म्हणजे जणू मृत्यूची सूचनाच मानली जाई. आज परिस्थिती बदलली आहे. एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी औषधोपचार टप्प्याटप्प्याने उपलब्ध झाले, तर २०१७ पासून निदान होताच प्रत्येकास उपचार देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. त्यामुळे औषधांपेक्षाही चाचणीपर्यंत आणि तिच्यापुढे पोहोचणे हाच आता कळीचा प्रश्न ठरला आहे.

सरकारी रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत ही तपासणी मोफत होते. जलद चाचणी रक्तातील प्रतिपिंडे शोधते. मात्र ती तयार होण्यास काही आठवडे, क्वचित तीन महिनेही लागतात. प्रतिपिंडांसोबत विषाणूचा अंशही शोधणारी प्रयोगशाळेतील चाचणी साधारणतः १८ ते ४५ दिवसांत संसर्ग दाखवू शकते. म्हणूनच या कालावधीतील नकारात्मक अहवाल अंतिम नसतो आणि फेरतपासणी आवश्यक ठरते. नुकताच धोका पत्करला गेला असल्यास ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषधे सुरू करता येतात; ती २८ दिवस घ्यावी लागतात.

एका संचावरील सकारात्मक निष्कर्षही अंतिम नव्हे. लक्षणे नसलेल्या व्यक्तीच्या बाबतीत तीन वेगवेगळ्या चाचण्यांनंतरच निदान निश्चित केले जाते. त्यानंतर विलंब न लावता एआरटी केंद्रात नोंदणी, क्षयरोगाची तपासणी आणि जोडीदाराची चाचणी हे टप्पे येतात. नियमित औषधांनी रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीतही आढळू नये इतके घटले आणि तसेच टिकून राहिले, तर लैंगिक संबंधांतून संसर्ग पसरत नाही. गर्भवतीने वेळीच उपचार घेतल्यास बाळाचा धोकाही मोठ्या प्रमाणात टळतो.

तरीही अनेक पावले केंद्राच्या दारातच अडखळतात, ती लोकनिंदेच्या भीतीने. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने संमतीविना चाचणीस मनाई केली, गोपनीयतेची हमी दिली आणि नोकरी, शिक्षण व आरोग्यसेवेतील भेदभावास प्रतिबंध केला. १०९७ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर मार्गदर्शनही मिळते. परंतु कायद्याने दिलेली ही हमी रुग्णालयाच्या खिडकीवर आणि कामाच्या ठिकाणी प्रत्यक्षात उतरली, तरच अहवाल हाती घेणारा माणूस उपचारापर्यंत पोहोचेल.