कवटीचा शृंगार

मैत्रिणींनो, लग्नसराईत गावातल्या पार्लरमध्ये नवरीचा मेकअप होताना तुम्ही पाहिलाच असेल. नाकाच्या दोन्ही बाजूंना गडद पट्टी, गालांखाली थोडी सावली, कपाळावर आणि गालांच्या उंचवट्यावर उजळ पावडर. गडद रंग मागे सरतो, उजळ रंग पुढे येतो, एवढंच त्यातलं शास्त्र. बसकं नाक सरळ दिसतं, गोल चेहरा निमुळता होतो.

आता ब्रश तेच ठेवा, सावली तेवढी वाढवा. आधी सगळा चेहरा पांढराफटक. मग डोळ्यांभोवती थेट भुवयांपर्यंत काळी वर्तुळं, म्हणजे डोळ्यांच्या खोबणी. नाकाचा शेंडा काळा. गालांचे खड्डे कडेला गडद करत आतपर्यंत विरवायचे. आणि ओठांवरून गालांपर्यंत बारीक उभ्या रेघा, म्हणजे दात. झाली कवटी! हसतीबोलती बाई बघता बघता मेलेली दिसायला लागते.

मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला असे चेहरे रस्तोरस्ती दिसतात. तो त्यांचा मृतांचा दिवस. आपल्या पितृपक्षासारखाच म्हणा ना, फक्त तिथे नाचगाणं चालतं. घरात मांडणी करतात, गेलेल्या माणसाचा फोटो ठेवतात, त्याच्या आवडीचं खायला ठेवतात, आणि झेंडूच्या राशी! (आपल्या दसऱ्याचा झेंडू मूळचा तिकडचाच बरं का.) मुलांबरोबर ‘कोको’ हा सिनेमा पाहिला असेल, तर हे सगळं डोळ्यांसमोर येईल.

या नटलेल्या कवटीचं नाव ला कात्रिना. होसे ग्वादालूपे पोसादा या चित्रकाराने १९१० च्या सुमारास तिचं चित्र कोरलं. डोक्यावर पिसांची भली मोठी युरोपियन टोपी, खाली नुसती कवटी. आपलं देशी मूळ झाकून गोऱ्या मडमांसारखं मिरवणाऱ्यांची ती टिंगल होती. १९४७ मध्ये दिएगो रिव्हेराने भित्तिचित्रात तिला अंगभर पोशाख दिला. पुढे बाजार आलाच. २०१५ च्या ‘स्पेक्टर’ या बाँडपटात मेक्सिको सिटीत कवट्यांची मोठी मिरवणूक दाखवली. तशी मिरवणूक तिथे निघतच नव्हती! सिनेमामुळे पर्यटक येतील म्हणून २०१६ पासून ती खरोखरच सुरू केली.

पण मला सांगायचंय ते पुढचं. २०१७ च्या नोव्हेंबरात मेक्सिको सिटीत बायका हाच मेकअप करून निघाल्या, त्या मिरवणुकीत नाही, मोर्चात. नवऱ्याने, प्रियकराने, कुणा अनोळखी माणसाने मारलेल्या मुलींसाठी. त्यानंतरही असे मोर्चे निघाले. त्या देशात २०२० च्या सुमारास रोज सरासरी दहा बायकांचे खून होत होते. ‘बाई म्हणून केलेला खून’ हा वेगळा गुन्हा तिथल्या कायद्यात २०१२ मध्येच आला होता, तरी.

कुणी म्हणेल, रंग फासून काय होणार, फोटोवाल्यांची सोय! मलाही आधी तसंच वाटलं असतं. पण फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे इंग्रिड एस्कामिया या पंचवीस वर्षांच्या मुलीचा खून झाला. तिच्या मृतदेहाचे फोटो फुटले आणि वृत्तपत्रांनी ते छापले. तेव्हा बायकांनी काय करावं? तिच्या नावाने फुलांची, समुद्राची, मावळतीची चित्रं इंटरनेटवर टाकत राहिल्या, म्हणजे तिचं नाव शोधणाऱ्याला आधी ती दिसतील. पुढे २०२१ मध्ये असे फोटो फोडणाऱ्या सरकारी नोकराला शिक्षा देणारा कायदा मेक्सिको सिटीत झाला, तिच्याच नावाने ओळखला जाणारा. हे वाचल्यावर तो मेकअप मला वेगळा दिसायला लागला. मेलेल्या मुलीला चव्हाट्यावर मांडायचं नाही, आणि तिला विसरूही द्यायचं नाही, म्हणून जिवंत बाई तिचं मरण स्वतःच्या तोंडावर घेऊन उभी राहते.

आपल्याकडे बरोब्बर उलटं. आपल्याकडे मेलेल्या बाईला नटवतात. सवाष्ण गेली की हिरवी साडी, हिरवा चुडा, कपाळभर मळवट, ओटी. ‘भाग्यवान गं, अहेव गेली!’ म्हातारी माणसंही तिच्या पाया पडतात. भरल्या घरातून पिकल्या वयात गेलेल्या बाईसाठी या प्रथेत माया आहे, ती मी नाकारत नाही. पण लग्नाला दोन-तीन वर्षंही न झालेली, ‘पोटात दुखून’ गेलेली सून? समुपदेशनाच्या कामात अशा घरांत मी गेले आहे. माहेरचे पोचेपर्यंत आंघोळ झालेली, मळवट भरलेला, पदर गळ्याभोवती नीट गुंडाळलेला. आणि घाई, फार घाई! पुढे दरवर्षी पितृपक्षात अविधवा नवमीला तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालतात. वाढणारे हात कुणाचे, हे त्या दिवशी कुणी विचारत नाही.

देशात २०२२ मध्ये सहा हजारांहून जास्त हुंडाबळी नोंदले गेले. नोंदले गेलेले, हं. मे २०२५ मध्ये पुण्याजवळच्या एका सुनेच्या मृत्यूने महाराष्ट्र हादरला, तेव्हा माझ्याकडे दोन-तीन आया आपणहून बोलायला आल्या.

त्यांना मी सांगितलं ते इथेही लिहिते. लग्नापासून सात वर्षांच्या आत बाई गेली आणि तिच्या नातेवाइकांनी मागणी केली, तर पोलिसांना शवविच्छेदनासाठी मृतदेह पाठवावा लागतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम १९४ मध्ये आहे, आधीच्या कायद्यातही होतं. मृत्यू संशयास्पद वाटला तर मागणीचीही गरज नाही. निरोपाचा फोन आला की वाटेतूनच पोलीस ठाण्याला कळवायचं, जमलं तर लेखी द्यायचं, आणि आम्ही येईपर्यंत तिला आंघोळ घालू नका, कुंकू लावू नका, असं सासरी स्पष्ट सांगायचं. हे सांगायला आईचा आवाज फुटत नाही. म्हणून फोन मावशीने करावा, काकूने करावा, नाहीतर शेजारणीने.