लोणारचा सोडा लोणारातच बरा

खाण्याचा सोडा म्हणजे कारखान्याचा माल, असं आपण धरून चालतो. वर्ध्याच्या किराणा दुकानातल्या पुडीपुरतं ते बहुतेक खरंही आहे. मीठ, चुनखडी आणि अमोनिया यांच्यापासून सोडा अ‍ॅश करायची, तिच्या द्रावणात कार्बन डायऑक्साइड सोडायचा, की कमी विरघळणारं बायकार्बोनेट स्फटिक होऊन तळाशी बसतं. या सॉल्व्हे पद्धतीत कॅल्शियम क्लोराइडचं सांडपाणी मागे उरतं. वायोमिंगमधल्या खाणींत किंवा केनियाच्या मगादी सरोवरात मात्र ट्रोना हे खनिज आयतंच मिळतं. त्यात कार्बोनेट आणि बायकार्बोनेट दोन्ही असतात. टाटा केमिकल्सने या दोन्ही ठिकाणचे उद्योग विकत घेतले, ते उगाच नव्हे.

मग आपल्याच विदर्भातलं लोणारचं खारं सरोवर का नको? प्रश्न गैर नाही. लोणारच्या मातीत काच आणि साबणाचा कच्चा माल मिळतो, अशी नोंद ‘आईन-ए-अकबरी’त आहे. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावर पांढरा थर धरायचा. डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्याची प्रतवारी होती. पण तो काठावरचा खार खरवडणं वेगळं आणि कारखान्याची भूक भागवणं वेगळं. वायोमिंगचे थर हजारो चौरस किलोमीटर पसरलेत; लोणारचं अख्खं विवर जेमतेम 1.8 किलोमीटर व्यासाचं.

इथे मगनवाडीच्या जे. सी. कुमारप्पांचा निकष कामाला येतो. 1934 मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा करणाऱ्या या माणसाने साठ्यावर चालणारं, म्हणून संपणारं, आणि प्रवाहावर चालणारं, म्हणून टिकणारं अर्थकारण वेगळं मानलं. कुणी म्हणेल, लोणारला झरे क्षार आणतच राहतात, म्हणजे हा प्रवाहच की. अर्धं खरं आहे. झरे आणतात ते थोडं. पाण्याला बाहेर वाट नाही म्हणून हजारो वर्षं साचत आलेला अल्कली हाच खरा ऐवज आहे. त्या खारेपणावरच तिथले सूक्ष्मजीव जगतात. 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यात मिठात वाढणारे हॅलोआर्किया सापडले. त्याच वर्षी सरोवर पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. सोडा जगात मुबलक आहे, तो कुठूनही आणता येईल. बेसाल्टमधलं असं आघाती विवर मात्र पृथ्वीवर फार विरळा. तेव्हा स्वच्छ सोडा हवा असेल, तर मागणी सॉल्व्हे कारखान्यांच्या सांडपाण्याच्या हिशेबाची करावी, लोणारमधून सोडा काढायच्या परवान्याची नव्हे.