वाघ आला, गोचिडाचं काय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातून एक वाघीण चांदोलीत आणली, हे पेपरात वाचलं असेलच. एकूण आठ वाघ आणायला केंद्राची परवानगी आहे. चांदोली म्हणजे आमच्या शाहूवाडीच्या उशालाच, त्यामुळे हॉस्टेलवर सगळे मलाच वाघाबद्दल विचारतात. रेडिओ कॉलरची बॅटरी किती दिवस चालते, हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा लाडका प्रश्न. गोचिडाबद्दल मात्र कोणी विचारत नाही.

हसू नका. गोचीड नुसता रक्त पीत नाही, रक्तातले रोगही या जनावराकडून त्या जनावराकडे नेतो. बॅबेसिया हा त्यातलाच एक परजीवी. तो तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो. मग ताप, कावीळ, लाल लघवी. थायलेरियाही तसाच चिवट. गावठी गाय बऱ्याचदा निभावून नेते, पण कर्ज काढून आणलेली एचएफ बघता बघता आडवी होते.

आता कोंडलेल्या प्राण्याचं बघा. रक्त पिऊन फुगलेली गोचिडाची मादी खाली पडते आणि फटीत, पाचोळ्यात हजारोंनी अंडी घालते. जंगलात पिल्लं बाहेर येईपर्यंत वाघ कुठल्या कुठे गेलेला असतो. पिंजऱ्यातला वाघ जाणार कुठे? त्यात पकडणं, बेशुद्ध करणं, ट्रकचा प्रवास, हा सगळा ताण. अंगात दबून राहिलेला परजीवी नेमका अशा वेळी डोकं वर काढतो. म्हणून तर प्राणिसंग्रहालयात नवीन आलेलं जनावर आधी वेगळं ठेवून तपासतात. आपल्या वाघिणीलाही सुरुवातीला कुंपणातच ठेवलं होतं.

गीरचं उदाहरण ताजं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथे २३ सिंह गेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने नमुने तपासले, तर डिस्टेंपर निघाला, हा मुळात कुत्र्यांचा रोग. जोडीला काही सिंहांत बॅबेसियाही सापडला. एकाने प्रतिकारशक्ती पाडली, दुसऱ्याने हात धुऊन घेतले!

कोणी म्हणेल, गाईचा बॅबेसिया वाघाला कुठे होतो? बरोबर आहे, जाती वेगळ्या असतात. पण गोचीड काही आधार कार्ड बघून चावत नाही. आणि माणूसही सुटत नाही. सिंधुदुर्गात दोडामार्गला २०१६ मध्ये माकडतापाने माणसं दगावली, तोही गोचिडामुळेच.

माझं म्हणणं एवढंच, की कॉलर आणि कॅमेऱ्यांवर खर्च जरूर करा, पण जंगलाला लागून असलेल्या गावांत गोचिडाची मोहीमही घ्या, आणि तीही सगळ्या गोठ्यांत एकाच वेळी. एकट्याने फवारून उपयोग नाही, शेजारच्या म्हशीवरनं आठवड्यात परत येतात. गावातल्या कुत्र्यांना डिस्टेंपरची लस द्या. वाघाने गाय मारली तर भरपाई मिळते. गोचिडाने मारली आणि विमा नसला, तर कोणी विचारत नाही. असा माणूस वाघाचं स्वागत कोणत्या तोंडाने करणार?

जाता जाता, मेकॅनिकलच्या फायनल इयरवाल्यांसाठी. गोठ्याच्या भिंतीतल्या फटींतले गोचीड आणि अंडी फ्लेम गनने जाळतात. वर गवताचं छप्पर आणि बाजूला कडबा रचलेला असताना न घाबरता वापरता येईल अशी स्वस्त गन कोणी बनवत असेल, तर ट्रायलला आमचा गोठा आहे. म्हशीला मी बाहेर बांधतो.