मित्राच्या उत्कर्षांत मित्राची परीक्षा

मित्राची परीक्षा संकटांत होते, असें आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलों आहों. हें म्हणणें खोटें नाहीं, पण तें अपुरें आहे. शेजाऱ्याच्या घरीं आग लागली, कोणी दगावलें, किंवा व्यापारांत त्याचें दिवाळें निघालें, तर धांवून जाणारीं माणसें आपल्या समाजांत अद्यापि पुष्कळ आहेत, व ही गोष्ट आपणांस भूषणास्पद आहे. परंतु त्याच शेजाऱ्याच्या दुकानावर गिऱ्हाइकांची रीघ लागली, त्याच्या मुलास मोठ्या पगाराची जागा मिळाली, किंवा नगरपालिकेच्या निवडणुकींत तो निवडून आला, म्हणजे त्या धांवून जाणारांपैकीं किती जणांस मनापासून संतोष होतो, याचा विचार ज्यानें त्यानें आपल्याशींच करून पाहावा. दुःखाचे वांटेकरी होणें त्या मानानें सोपें आहे. कारण तेथें आपण देणारे व दुसरा घेणारा, म्हणजे आपण वर व तो खालीं, असा संबंध असतो. सुखाचे वांटेकरी होणें कठीण. कारण तेथें तो वर गेलेला असतो व आपण होतों तेथेंच असतों. म्हणून आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, मैत्रीची खरी कसोटी मित्राच्या विपत्तींत नसून त्याच्या उत्कर्षांत आहे. या कसोटीस उतरण्याचें बळ कोठून आणावें याविषयीं ख्रिस्ती धर्मग्रंथांत जो विचार आढळतो, तो कोणत्याही धर्माच्या वाचकानें लक्ष देऊन पाहण्यासारखा आहे.

हा प्रश्न केवळ खासगी नीतीचा आहे असें मात्र कोणी समजूं नये. गांवोगांव वाचनालयें निघतात, पतपेढ्या निघतात, दोघां-तिघांच्या भागीदारीनें पेढ्या उघडतात, आणि कांहीं वर्षांनीं त्यांपैकीं कित्येक मोडतात. मोडण्याचें कारण विचारलें तर भांडवल कमी पडलें, सरकारची मदत मिळाली नाहीं, दिवस वाईट आले, असें सांगण्यांत येतें. कांहीं ठिकाणीं तें खरेंही असेल. परंतु पुष्कळ ठिकाणीं वह्या तपासल्या तर तूट जमाखर्चांत सांपडत नाहीं. एका भागीदाराचें नांव बाजारांत अधिक झालें, एका चिटणिसाचा सत्कार झाला, एवढ्यावरून दुसऱ्याचें मन फाटलें, आणि मग मतभेदाचीं कारणें हुडकून काढण्यांत आलीं, असा प्रकार असतो. ज्या समाजांत कोणाचें बरें झालेलें कोणास पाहवत नाहीं, त्या समाजांत चार माणसांनीं मिळून करावयाचें एकही काम फार दिवस टिकत नाहीं. सुधारणेच्या गोष्टी बोलणारांनीं या रोगाकडे दुर्लक्ष करून चालणार नाहीं.

मत्सर म्हणजे काय हेंही नीट समजून घेतलें पाहिजे. लोभी मनुष्य म्हणतो, दुसऱ्याजवळ आहे तें मला मिळावें. मत्सरी मनुष्य म्हणतो, मला न मिळालें तरी चालेल, पण त्याच्याजवळ राहूं नये. लोभ्याला निदान कांहीं लाभाची आशा असते. मत्सऱ्याच्या पदरांत जळण्यावांचून दुसरें कांहीं पडत नाहीं. शिवाय मत्सर दूरच्याचा होत नाहीं. कापडवाला दूरच्या शहरांतील गिरणीमालकाचा हेवा करीत नाहीं. तो समोरच्या कापडवाल्याचा करतो. वकील वकिलाचा करतो, वैद्य वैद्याचा करतो, आणि भाऊ भावाचा करतो. म्हणूनच मैत्रीस याच्यासारखा दुसरा शत्रु नाहीं. मैत्री बहुधा समान वयाच्या, समान धंद्याच्या व समान आवडीच्या माणसांत जडते. आणि मत्सराचें बींही नेमकें त्याच जमिनींत रुजतें.

ख्रिस्ती धर्मग्रंथांत या दोषास क्षुल्लक मानलेलें नाहीं. त्यांत सांगितलेला पहिला मनुष्यवध काइनाच्या हातून झाला. हाबेलाचें अर्पण देवानें मान्य केलें व आपलें केलें नाहीं, यावरून त्यानें सख्ख्या भावास शेतांत नेऊन मारलें. योसेफावर बापाचा अधिक लोभ होता, म्हणून भावांनीं त्यास परक्या व्यापाऱ्यांस विकलें. आणि प्रत्यक्ष येशूस मुख्य याजकांनीं पकडून दिलें तें हेव्यामुळेंच, हें रोमन सुभेदार पिलात यास कळून चुकलें होतें, असें मार्कच्या शुभवर्तमानांत नमूद आहे. अर्थात् ख्रिस्ताच्या वधस्तंभाशीं ज्या दोषाचा संबंध जोडला गेला, तो दोष मनुष्यस्वभाव म्हणून हंसून सोडून देण्यास ख्रिस्ती मनुष्यास तरी वाव नाहीं.

परंतु केवळ दोष दाखवून तो ग्रंथ थांबत नाहीं. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकांत एकाच घरांतील बाप व लेक समोरासमोर उभे केले आहेत. दावीद नांवाच्या मेंढपाळ तरुणानें पलिष्ट्यांचा महावीर गल्याथ यास गोफणीच्या गोट्यानें पाडलें. सैन्य परत येत असतां नगरांतील स्त्रियांनीं गाणीं गाइलीं, व त्यांत राजा शौल याच्या पराक्रमाहून दावीदाचा पराक्रम दसपट म्हणून वर्णिला. वस्तुतः शौलाचें त्यांत कांहींच गेलें नव्हतें. राज्य त्याचें, सैन्य त्याचें, आणि जयही त्याचाच. पण त्या दिवसापासून त्याची नजर फिरली. त्यानें दावीदावर भाला फेकला, त्याच्यावर मारेकरी घातले, आणि राज्यकारभार बाजूस ठेवून रानोमाळ त्याचा पाठलाग केला. मत्सरानें मनुष्य आपल्याच कामास कसा मुकतो, याचें याहून बोलकें उदाहरण क्वचित् सांपडेल.

आतां राजपुत्र योनाथान याचें वर्तन पाहावें. दावीदामुळें खरें नुकसान कोणाचें व्हावयाचें असेल तर तें याचें होतें, कारण गादीचा वारस हाच. तो कांहीं दुबळाही नव्हता. मिखमाशच्या खिंडींत केवळ एका शस्त्रवाहकास बरोबर घेऊन त्यानें पलिष्ट्यांच्या ठाण्यावर चाल केली होती. म्हणजे शूर हा आणि शूर तो. मत्सर उपजण्यास लागणारी सर्व सामग्री तेथें तयार होती. पण गल्याथ पडल्यावर योनाथानानें आपला झगा, आपली तरवार, आपलें धनुष्य व आपला कमरबंद काढून दावीदास दिला. राजपुत्रानें आपलीं चिन्हें दुसऱ्याच्या अंगावर चढविणें याचा अर्थ काय होतो, हें त्याला कळत नव्हतें असें नाहीं. पुढें बापानें त्याला भर पंक्तींत बजावलें कीं, हा इशायाचा मुलगा जिवंत आहे तोंवर तुझें राज्य स्थिर होणार नाहीं. योनाथानानें मित्राचा पक्ष सोडला नाहीं, तेव्हां तोच भाला त्याच्यावरही आला. शेवटीं जीफच्या रानांत लपलेल्या दावीदाकडे तो स्वतः गेला, देवाच्या नांवानें त्यास धीर दिला, आणि राजा तूं होशील व मी तुझ्या खालोखाल राहीन असें आपल्या तोंडानें म्हणाला. बापास मात्र त्यानें टाकलें नाहीं. गिलबोवाच्या डोंगरावरील लढाईंत तो शौलाबरोबरच पडला.

हें बळ त्याला कोठून आलें? आमच्या समजुतीप्रमाणें त्याचें मर्म असें आहे: राज्य ही आपली मालमत्ता नसून देवाची देणगी आहे, व ती कोणास द्यावयाची हें देणारानें ठरवावयाचें, अशी त्याची निष्ठा होती. येशूनें सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यांत हाच विचार आहे, आणि तो आमच्या व्यापारी वाचकांस विशेष पटेल. मळ्याच्या धन्यानें पहाटे मजूर लावले व दिवसाची मजुरी ठरविली. संध्याकाळीं काम संपण्यास एक तास उरला असतांही आणखी कांहीं लावले. हिशेबाच्या वेळीं सर्वांस सारखीच मजुरी दिली. पहाटेचे मजूर कुरकुरूं लागले. त्यांची फसवणूक झाली होती काय? मुळींच नाहीं. ठरलेला दाम त्यांच्या हातांत पूर्ण पडला होता. त्यांचें दुःख आपल्या हातांतील नाण्याचें नव्हतें, शेजाऱ्याच्या हातांतील नाण्याचें होतें. धन्यानें त्यांस विचारलें तें एवढेंच कीं, माझ्या औदार्यानें तुमच्या पोटांत कां दुखावें?

योहान बाप्तिस्मा करणारा याचेंही असेंच आहे. त्याच्याकडील गर्दी ओसरून लोक येशूकडे जाऊं लागले, तेव्हां त्याच्या शिष्यांस वाईट वाटलें. योहानानें त्यांस लग्नाची उपमा दिली: नवरी नवऱ्या मुलाची असते, त्याचा मित्र जवळ उभा राहतो व त्याचा आवाज ऐकूनच संतुष्ट होतो. दुसऱ्याच्या लग्नांत आपणांस बाशिंग नाहीं म्हणून रुसून बसणारा मनुष्य मित्र नव्हे, एवढें तर कोणीही कबूल करील. पौलानें रोम येथील मंडळीस लिहितांना इतरांच्या आनंदांत सामील होण्याची आज्ञा त्यांच्या शोकांत सामील होण्याच्या आज्ञेच्या आधीं घातली आहे, हेंही येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

यावर कोणी म्हणतील कीं, हेवा नाहींसा झाला तर चुरस नाहींशी होईल, आणि चुरस गेल्यावर व्यापार व विद्या दोन्ही थंडावतील. हा आक्षेप वरवरचा आहे. समोरच्या दुकानाचा माल चांगला म्हणून आपला माल अधिक चांगला करणें ही चुरस होय, व तिच्यांत गिऱ्हाइकाचेंही हित आहे. समोरच्याच्या मालाविषयीं खोटी कंडी पिकविणें हा मत्सर होय, व त्यांत सर्वांचाच तोटा आहे. दुसरे कोणी म्हणतील कीं, ख्रिस्ती मंडळ्यांत तरी हा दोष कोठें नाहीं? तो आहे, आणि प्रारंभापासून आहे. आपल्यांत मोठा कोण यावरून येशूचे शिष्यच वाटेनें भांडत होते. करिंथच्या मंडळींत पौलाचा पक्ष व अपुल्लोसाचा पक्ष असे तट पडले होते. परंतु तेथें पौलानें आपल्या पक्षाचा झेंडा उभारला नाहीं. एकानें लावावें व दुसऱ्यानें पाणी घालावें, वाढविणारा देव, असें सांगून त्यानें दोघांसही एकाच मळ्याचे गडी ठरविलें. रोगी सांपडला म्हणून औषध खोटें ठरत नाहीं.

आणि हें औषध परदेशच्या प्राचीन माणसांसच लागू पडलें असेंही नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं सन १८९५ मध्यें ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. फुलांमुलांचे कवि म्हणून महाराष्ट्रांत त्यांचा लौकिक होता. सन १९०७ सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलानें कविता म्हटली व सभेनें त्यास बालकवि हें नांव दिलें. या मुलाचा विषयही फुलें, निर्झर व पांखरें हाच. म्हणजे टिळकांच्या अंगणांतच हें नवें झाड उगवलें. सेहेचाळीस वर्षांच्या कवीनें या मुलास दूर ठेवलें असतें तर जगानें त्यांस नांव ठेवलें नसतें. टिळकांनीं त्यास अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, आपल्या घरीं राहवून घेतलें, व लक्ष्मीबाईंनीं त्याच्यावर पोटच्या मुलाप्रमाणें माया केली. ठोमरे शेवटपर्यंत हिंदूच राहिले. त्यामुळें या मायेंत अंतर पडलें नाहीं. बालकवि १९१८ सालीं आगगाडीच्या अपघातांत गेले, टिळक १९१९ सालीं गेले. आज मराठी वाचक दोघांचीं नांवें आदरानें घेतो. एकाच्या कीर्तीनें दुसऱ्याची कीर्ति तिळभर कमी झाली नाहीं.

आतां उपाय काय? पहिला हा कीं, ज्याचा हेवा वाटतो त्याची स्तुति त्याच्या पाठीमागें व चारचौघांत करावी. मन मागाहून जिभेच्या मागें येतें. दुसरा, त्याच्या कामांत प्रत्यक्ष हातभार लावावा. ज्या झाडास आपण पाणी घातलें त्याचें फळ पाहून पोटांत दुखत नाहीं. तिसरा, अमका तुमच्या पुढें गेला असें कानांत येऊन सांगणाऱ्या मनुष्यास ओटीवर बसूं देऊं नये. अशांच्या जोरावर पुष्कळ घरें व पेढ्या फुटल्या आहेत. चौथा, जो देव मानतो त्यानें रोजच्या प्रार्थनेंत त्या मनुष्याचें नांव घेऊन त्याचें कल्याण मागावें. नांव घेऊन कल्याण मागणें व त्याच माणसाचें वाईट चिंतणें, हीं दोन्ही फार दिवस एका हृदयांत नांदत नाहींत.

जो वर चढला त्याचेंही कांहीं कर्तव्य आहे. दावीद राजा झाल्यावर जुन्या राजाचा वंश निर्मूळ करणें त्या काळच्या राजनीतीस धरूनच झालें असतें. त्यानें योनाथानाचा दोन्ही पायांनीं अधू असलेला मुलगा मफीबोशेथ शोधून काढला, शौलाची सर्व जमीन त्यास परत दिली, आणि रोज आपल्या पंक्तीस जेवावयास बसविलें. उत्कर्ष झाल्यावर जुना मित्र ओळखेनासा झाला, तर मत्सराचा निम्मा दोष त्या उत्कर्ष पावलेल्याच्या माथीं येतो.

येत्या दिवाळींत नव्या वह्यांची पूजा होईल. त्या दिवशीं प्रत्येक दुकानदारानें समोरच्या दुकानाची पायरी आपण होऊन चढावी आणि मोकळ्या मनानें त्याचें अभीष्ट चिंतावें, अशी आमची सूचना आहे. त्यास खर्च कांहीं नाहीं, व ज्या गांवांत एवढें होईल त्या गांवांतील संस्था मोडण्याची भीति आम्हांस वाटणार नाहीं.