वसतिगृह की रात्रीचा निवारा?

शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभारली. त्यांतून बहुजनांची एक पिढी घडली. सुमारे ६९ टक्के आदिवासी लोकसंख्या असलेल्या (जनगणना २०११) नंदुरबार जिल्ह्यात वसतिगृहाचे मोल तितकेच आहे. पण २०१८ साली शासनाने शहरांतील आदिवासी वसतिगृहांच्या खानावळी बंद करून भोजनाचे पैसे विद्यार्थ्यांच्या खात्यात टाकण्याचे ठरविले. विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. पंगत मोडली की चर्चाही मोडते, हे हिशेबनिसांना कोण सांगणार? धडगावच्या मुलाला पावरीतून मराठीकडे आणि पुढे इंग्रजी ग्रंथांकडे जायचे असते. त्याला ग्रंथालय, वादसभा, भित्तिपत्रक हवे. त्या भित्तिपत्रकात पावरीलाही जागा हवी. यासाठी शासनाने प्रत्येक वसतिगृहाला स्वतंत्र तरतूद द्यावी.