टाक्याला मजुरी हवी

जुन्या साड्या देऊन गोधडी शिवून घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा एक प्रश्न ठरलेला असतो : ‘कापड तर आमचेच, मग एवढे पैसे कसले?’ गोधडी दुर्मीळ होत चालली, अशी हळहळ व्यक्त करताना आपण मिंक ब्लँकेटला, फ्लॅटमधल्या अपुऱ्या जागेला आणि सुई हातात न धरणाऱ्या नव्या पिढीला बोल लावतो. ही कारणे खोटी नाहीत. पण खरे दुखणे त्या प्रश्नात आहे. जुनेर फुकट म्हणून गोधडीही जवळजवळ फुकट, हा हिशेब आपल्या अंगवळणी पडला आहे. जुने कापड पुन्हा वापरात यावे असे मनापासून वाटत असेल, तर आधी हा हिशेब बदलावा लागेल. गोधडीत सर्वांत महाग असते ती मेहनत, आणि तिला रोजगाराचा रीतसर दर मिळाला तरच ही कला पुढे चालेल.

मेहनत किती, ते मोजून पाहता येते. गोधडी जमिनीवर मांडतात. तळाला धड असलेले लुगडे ताणून पसरायचे, त्यावर धोतरे, चादरी, परकर यांचे थर सुरकुती न ठेवता लावायचे, विरलेल्या जागी जास्तीचे धडपे टाकून जाडी सारखी करायची आणि वरून दुसरे लुगडे घालायचे. थर सरकू नयेत म्हणून कडांवर वजन ठेवून लांब कच्चे टाके मारायचे. मग कडेपासून आत, चौकोनात चौकोन असा धावदोरा सुरू होतो. सात फूट बाय पाच फूट गोधडीत इंचाला एक ओळ धरली, तरी सुमारे ४२० फूट शिवण होते. इंचाला तीन टाके म्हणजे पंधरा हजारांवर टाके. पाच-सहा थरांतून सुई आरपार काढत मिनिटाला पाच टाके पडले, तर नुसत्या शिवणीला पन्नास तास लागतात. रोज सहा तास बसले तर आठ दिवस. रोजगार हमीच्या कामाचा महाराष्ट्रातला २०२५-२६चा दर ३१२ रुपये होता. अकुशल कामाच्या या दरानेही आठ दिवसांचे जवळपास अडीच हजार रुपये होतात. यात थर मांडण्याचा वेळ, दोरा आणि शिवणारीचे कसब धरलेलेच नाही.

एवढ्या पैशांत नवे ब्लँकेट येऊन वर पैसे उरतात, हा आक्षेप रास्त आहे. पण पूर्वीची गोधडी स्वस्त होती, असे मात्र म्हणता येत नाही. तिची किंमत कोणी विचारत नव्हते, एवढेच. उन्हाळ्याच्या दुपारी स्वयंपाक-धुणे उरकल्यावर घरातल्या बाया ती शिवत आणि त्यांचे ते तास कुठल्याच जमाखर्चात चढत नसत. म्हणूनच ‘बायकांनी पुन्हा गोधड्या शिवायला हव्यात’ हा उपदेश कानाला गोड वाटला तरी अन्यायाचा आहे. ज्या बाईला नोकरी, शेत आणि घर सांभाळून दुपारची डुलकीही मिळत नाही, तिच्यावर परंपरा जपण्याचे ओझे कशाला? गोधडी हा मायेचा विषय आहे असे म्हणत मजुरीचा विषय टाळणे ही जुनीच युक्ती आहे. जिला ते काम येते आणि करावेसे वाटते, तिला त्याचे पुरेसे पैसे मिळावेत. जिला नको, तिने खुशाल ब्लँकेट घ्यावे.

मग गिऱ्हाइकाने तरी जास्त पैसे का मोजावेत? जुन्या कपड्यांचे पुढे काय होते, ते पाहिले की याचे उत्तर मिळते. एके काळी बोहारीण दारात येई आणि कपड्यांच्या बदल्यात भांडे देई. त्या व्यवहारात कापडाला निदान भाव होता. आता कपडे स्वस्त झाले, वापर वाढला आणि कापडाची जातही बदलली. सुती धाग्यात पॉलिएस्टर, पॉलिएस्टरमध्ये ताणणारा धागा, वर जर आणि टिकल्या. असे मिश्र कापड पुन्हा सूत करण्यासाठी वेगळे करणे यंत्राला अवघड जाते. पानिपतमध्ये टाकाऊ लोकरी कपडे पिंजून त्यांचे सूत आणि ब्लँकेटे बनवण्याचा मोठा उद्योग आहे, पण तिथेही माल आधी प्रकार आणि रंग पाहून निवडावा लागतो. कपड्यांसाठी लागणाऱ्या कच्च्या मालापैकी एक टक्काही पुन्हा नव्या कपड्यांत येत नाही, असे एलन मॅकआर्थर फाउंडेशनने २०१७च्या अहवालात नोंदवले होते. गोधडीला मात्र ही भेसळ अडत नाही. अंगाला लागणाऱ्या बाजूस मऊ सुती कापड आणि पोटात बाकीचे, एवढा विवेक पुरतो. सिंथेटिक साडी सुईखाली निसटते आणि घाम टिपत नाही हे खरे. पण वरच्या बाजूला घातली तर ती लवकर विरत नाही. शिवाय टाके दाट असल्याने एका जागी फाटले तरी बाकीचे थर धरून राहतात आणि तिथे ठिगळ लावता येते.

जुन्या कापडाची किळस वाटते, असेही काही जण म्हणतात. कापड आधी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवले, तर ही शंका उरू नये. आणि बहुतेक गिऱ्हाईक स्वतःच्याच घरातले कपडे देते. याहून वजनदार आक्षेप आहे तो कचऱ्याच्या आकाराचा. हाताने शिवलेल्या गोधड्यांनी शहरांतले कापडाचे ढीग संपणार नाहीत, हे मान्यच करायला हवे. तो भार उत्पादकांनी आणि पालिकांनीच उचलायचा आहे. युरोपीय संघाने जानेवारी २०२५पासून सदस्य देशांना कापडाचा कचरा वेगळा गोळा करणे बंधनकारक केले, तशी सक्ती आपल्याकडेही यावी. पण गोळा केलेल्या कापडाचे पुढे काय, हा प्रश्न तेव्हाही उरेलच, आणि त्याच्या अनेक उत्तरांपैकी गोधडी हे एक आहे. फार मोठा कारखाना न घालता, गावात किंवा वस्तीत पैसा नेणारे.

त्यासाठी नुसता गौरव पुरत नाही. गोधडीच्याच जातकुळीतल्या बिहारच्या सुजनीला आणि बंगालच्या नक्षी कांथाला भौगोलिक मानांकन मिळाले. कांथा शिवणाऱ्या प्रीतिकणा गोस्वामींना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्याने या कामाची शान वाढली. पण मानांकन नाव आणि प्रदेश राखते, शिवणाऱ्या हाताची मजुरी ठरवत नाही. महाराष्ट्रात ‘उमेद’ अभियानाचे आणि महिला आर्थिक विकास महामंडळाचे (‘माविम’) बचत गट गावोगाव आहेत. त्यांनी गोधडीचा दर नगावर न ठेवता शिवणीच्या फुटावर ठेवावा, निम्मी रक्कम काम घेतानाच घ्यावी आणि किती तासांचे काम आहे ते पावतीवर लिहावे. यंत्रावर शिवलेली गोधडीही विकावी, पण तसे स्पष्ट सांगून आणि वेगळ्या दराने. सरकारी प्रदर्शनांत स्टॉल देताना हीच अट घालता येईल. ज्याला हातशिवणीचा दर परवडत नाही, त्याने यंत्राची गोधडी घ्यावी, त्यात कमीपणा नाही. मात्र शिवण हाताची हवी आणि दर यंत्राचा हवा, ही घासाघीस थांबली नाही तर उद्या कितीही जुनेरे गोळा केली तरी ती शिवायला कोणी बसणार नाही.