घंटी लांबून वाजवा

पुण्यात जंगली महाराज रस्त्याच्या रुंद पदपथावर सकाळी जी खडाजंगी होते, ती दोन गरिबांची आहे. चालणारे म्हणतात, सायकलवाले अंगावर येतात. सायकलवाले म्हणतात, आमच्या सायकलच्या पट्ट्यावर हे चौघं-चौघं गप्पा मारत चालतात. मी दोन्हीकडची. पोस्टातल्या नोकरीला सायकलनंच जायचे. आता गुडघा म्हणेल तितकं चालते, आणि मंडईत जायला सायकल अजून काढते. तेव्हा दोघांनाही चार शब्द सुनावते.

आधी सायकलवाले. ताशी २० किलोमीटरनं जाणारी सायकल सेकंदाला साडेपाच मीटर कापते. चालणारा दीड मीटरसुद्धा नाही. पाठीशी येऊन घंटी वाजवलीत, तर पुढच्याच्या हाती एक सेकंद उरतो. तेवढ्यात माणूस विचार करत नाही, दचकतो, आणि नेमका तुम्ही जाणार त्याच बाजूला उडी घेतो. वीसेक मीटरवरून वाजवा, पायडल थांबवा, त्यानं वळून पाहिलं की उजवीकडून सावकाश निघा. वळला नाही, तर त्याला ऐकू येत नाही असंच धरा. माझ्या वयाच्या निम्म्यांना येत नाहीच. पण घंटी असेल तर ना! माझा भाचा म्हणतो, ‘मावशी, घंटीनं सायकलचा लूक जातो.’ साठ हजारांच्या सायकलला शंभर रुपयांची घंटी जड होते.

चालणाऱ्यांनी कानातले इअरफोन निदान एका बाजूचे काढावेत. आणि कुत्र्याचा लांब पट्टा आखडता धरावा. मालक या कडेला, कुत्रं त्या कडेला आणि मध्ये ताणलेली दोरी. सकाळच्या अंधुक उजेडात ती सायकलवाल्याला दिसणार कशी?

याच पदपथावर लहान मुलांची खेळणी बसवली आहेत. छान केलंय. पण घसरगुंडीवरून सुटलेल्या पोराला सायकलच्या पट्ट्यावर फरशीचा रंग बदललाय हे काय कळणार? तिथं सायकल चालण्याच्या वेगानंच गेली पाहिजे, आणि महापालिकेनं अलीकडे-पलीकडे खडबडीत फरशी घालावी, म्हणजे चाकालाच कळेल. ज्यांना वेगाचा सराव करायचाय त्यांनी पहाटे सिंहगडाची वाट धरावी. कित्येक जण धरतातही.

एवढं बोलून मूळ दुखणं राहतंच. २०१७ मध्ये मंजूर झालेल्या पुण्याच्या सायकल आराखड्यात आठशेहून अधिक किलोमीटरचं जाळं आहे. प्रत्यक्षात पट्टा कुठे विजेच्या डीपीपाशी संपतो, कुठे झाडापाशी, कुठे बसथांब्यात घुसतो. मग सायकलवाला पदपथावर चढतो. संध्याकाळी तर पट्ट्यावर दुचाक्या लावलेल्या असतात, सिग्नल लांबला की काही जण दुचाक्या पदपथावरून हाकतातही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात पदपथाला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. ती खातं कोण? सायकल नव्हे.

आमच्या सकाळच्या मंडळींनी ‘पदपथावर सायकलबंदी’ असा अर्ज लिहायला घेतलाय. मी सही केली नाही. पुणे महापालिकेच्या अर्थसंकल्पात नागरिकांना आपल्या प्रभागातली कामं सुचवता येतात, म्हणून मी वेगळा अर्ज भरणार आहे: खेळण्यांपाशी खडबडीत फरशी आणि पदपथाच्या तोंडाशी दुचाकी शिरणार नाही पण व्हीलचेअर जाईल, असे खांब. भाच्याची सही मिळाली आहे. घंटीचं मात्र अजून जमत नाहीये.